सकाळचं ऊन कुणाला आणि कधी?

प्रश्न : मी खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, वय ४१. महिन्यातून एक आठवडा सलग नाइट असते. त्या आठवड्यात दिवसा झोप तुटक लागते. यंदा उपाशीपोटीची साखर ११० आली. वहिनी म्हणतात, सकाळच्या उन्हात बसलं की मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींतली ऊर्जाकेंद्रं, ‘चार्ज’ होतात. म्हणून ड्यूटीवरून आले की अर्धा तास गच्चीवर बसते, मग आडवी होते. भावाने लाल प्रकाशाचं एक पॅनेल पाहून ठेवलंय, चोवीस हजारांचं. घेऊ का?
– एक सिस्टर, सांगली जिल्हा

उत्तर : सिस्टर, पॅनेल राहू द्या. आणि नाइटच्या आठवड्यात गच्चीही बंद.

वहिनींचा सल्ला चुकीचा नाही. तो वहिनींसाठी बरोबर आहे. त्या रात्री झोपून सहाला उठतात. तुम्ही आठला घरी येता आणि साडेनऊला झोपू पाहता. मधल्या वेळात गच्चीवर बसून तुम्ही मेंदूला कळवता, ‘दिवस सुरू झाला.’ मग झोप तुटक लागली तर नवल काय?

हे घडतं कसं, ते थोडं सांगते. फिजिऑलॉजी, म्हणजे शरीरक्रियाशास्त्र, शिकवण्यात नोकरी गेली, त्यामुळे राहवत नाही. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नसून प्रकाश किती आहे ते मोजणं हे आहे. त्यांच्यात मेलानोप्सिन नावाचं द्रव्य असतं आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाला ते सर्वाधिक प्रतिसाद देतं. या पेशींची तार मेंदूच्या तळाशी असलेल्या, साधारण वीस हजार पेशींच्या एका पुंजक्याला जोडलेली आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते. माणसाचं हे घड्याळ सरासरी चोवीस तासांपेक्षा थोडं जास्त घेतं, म्हणून प्रकाशाने रोज जुळवून घ्यावं लागतं.

गंमत अशी की तोच प्रकाश वेळेनुसार उलटसुलट काम करतो. संध्याकाळी आणि रात्रीच्या पूर्वार्धात मिळाला तर घड्याळ मागे पडतं, म्हणजे झोप उशिरा येऊ लागते. पहाटेनंतर मिळाला तर पुढे सरकतं, झोप लवकर येते. दिवसपाळीची सवय असलेल्या माणसात हा पालट साधारण पहाटे चार-पाचच्या सुमारास होतो. तुम्हाला त्या आठवड्यात झोप उशिराकडे न्यायची आहे आणि आठचं ऊन ती लवकरकडे ओढतंय.

तेव्हा उलटं करा. ड्यूटीच्या पहिल्या निम्म्या रात्रीत नर्सिंग स्टेशनवरचे दिवे भरपूर लावा. पहाटे चारनंतर, जिथे चालेल तिथे, कमी करा. इंजेक्शन भरताना किंवा औषधाची मात्रा पाहताना मात्र दिवा पूर्ण हवा, तिथे घड्याळबिड्याळ काही नको. घरी जाताना काळा चष्मा लावा, पण दुसरं कुणी नेणार असेल तरच. स्वतः स्कूटर चालवणार असाल आणि डोळे मिटत असतील, तर चष्मा नको आणि स्कूटरही नको. ड्यूटी रूममध्ये वीस मिनिटं पडा, तोंड धुऊन पूर्ण जागं व्हा, मग निघा. नाइटहून परतताना झालेले अपघात मी वॉर्डात पाहिलेत. घरी जाड पडदा लावा, डोळ्यांवर पट्टी बांधा. झोपेच्या वेळात बेल कोण वाजवणार आणि टीव्ही कोण लावणार, हे सगळ्यांशी आधीच बोलून घ्या. आपल्याकडे बाई दिवसा झोपली की घराला ती रिकामी आहे असंच वाटतं. आठवडा संपून नाइट ऑफ मिळाला की दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींच्या शेजारी खुशाल उन्हात बसा.

आता साखर. स्वादुपिंड, यकृत, स्नायू या सगळ्यांत आपापली घड्याळं आहेत आणि रात्री खाल्लेल्या पिष्टाची साखर दिवसापेक्षा वाईट रीतीने हाताळली जाते. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधला २०२१चा एक प्रयोग मला फार आवडतो. १९ निरोगी तरुण माणसांना रात्रपाळीसारखं जागवलं. निम्म्यांना रात्रीही जेवण दिलं, बाकीच्यांना फक्त दिवसाच्या वेळेत. रात्री जेवणाऱ्यांची रक्तशर्करा सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. दिवसाच जेवणाऱ्यांत लक्षणीय वाढ झाली नाही. जागरण दोघांचंही सारखंच होतं!

रात्री दोनला वॉर्डात उघडणारे डबे मला माहीत आहेत. वाढदिवसाचा केक, फरसाण, कुणाच्या तरी घरची बिर्याणी, वर चहा. जेवण ड्यूटीला निघण्याआधी करून घ्या. रात्री भूक लागलीच तर ताक, मूठभर फुटाणे, उकडलेलं अंडं. चहा दोनपर्यंतच. (साखर उतरवण्याच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या मैत्रिणींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.) तुमची ११० म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरची साखर, म्हणून एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, करून घ्या. आणि ‘तुमच्या खाण्यामुळेच झालं’ असं कुणी म्हणालं तर सांगा की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला २००७ सालीच ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलंय. ड्यूटीचं वेळापत्रक हाही आरोग्याचा प्रश्न आहे आणि तो मेट्रनच्या टेबलावर मांडायला हरकत नाही.

राहिलं पॅनेल. तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, काही मोबाइलची बॅटरी नव्हेत. त्या अन्न आणि ऑक्सिजन वापरून एटीपी, म्हणजे पेशींचं इंधन, बनवतात. पोळीभाजीची जागा दिवा घेत नाही. तरी विषय अगदी पोकळ नाही. तंतुकणिकांतलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) लाल आणि अवरक्त प्रकाश शोषतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या ग्लेन जेफरींच्या गटाने २० जणांच्या डोळ्यांवर सकाळी तीन मिनिटं ६७० नॅनोमीटरचा लाल प्रकाश टाकला, तेव्हा रंगभेद ओळखण्याची क्षमता सरासरी १७ टक्के सुधारली. दुपारी टाकला तर काही नाही! २०२४ साली त्यांनीच ३० निरोगी माणसांच्या प्रयोगात पाठीवर १५ मिनिटं हा प्रकाश दिला आणि ग्लुकोज प्यायल्यावरची साखरेची वाढ २७.७ टक्क्यांनी कमी दिसली. ऐकायला छानच. पण माणसं मोजकी, प्रकाश एकदाच दिलेला, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचं त्यांच्यात कुणी नाही. महिनोन्‌महिने वापरून काय होतं, हे त्यातून कळत नाही. कर्करोगाच्या उपचारात तोंड सोलवटतं, ते टाळायला असा प्रकाश डॉक्टर खरोखर वापरतात, ठरलेल्या मात्रेत. घरगुती पॅनेलवाला मात्रा सांगत नाही, हप्ता सांगतो. भावाला म्हणावं, त्या पैशांत झोपायच्या खोलीला चांगले पडदे शिवून दे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ६८. वर्षभर उगवत्या सूर्याकडे टक लावून पाहतो. वेळ वाढवत पंधरा मिनिटांवर नेली. हल्ली डाव्या डोळ्यासमोर मधोमध पुसट डाग दिसतो. ग्रुपवर सांगतात की ही शुद्धीची खूण आहे.
– दापोली

उत्तर : गुरुजी, आजपासून बंद. याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि पडद्याची ओसीटी, म्हणजे पडद्याचे थर दाखवणारी तपासणी, करून घ्या. पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे भाजताना जाणवत नाही. आणि मधोमध डाग म्हणजे नेमक्या, वाचायला लागणाऱ्या जागी इजा झाली असण्याची शक्यता. अर्घ्य देताना पाण्याच्या धारेतून पाहिल्यानेही संरक्षण होत नाही.

वर सांगितलेल्या प्रकाश मोजणाऱ्या पेशी पडदाभर पसरलेल्या आहेत. त्यांना आभाळाचा उजेड पुरतो, सूर्यबिंब लागत नाही. घरात ट्यूबलाइटखाली एकदोनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात. बाहेर, ढगाळ दिवशीसुद्धा, काही हजार. तेव्हा सकाळी अंगणात झाडांना पाणी घाला, समुद्राकडे फिरून या. ‘ड’ जीवनसत्त्वही कोवळ्या उन्हातून फारसं मिळत नाही. त्याला लागणारे अतिनील किरण आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हा पुरेसे येतात, आणि खिडकीच्या काचेतून ते येतच नाहीत.

प्रश्न : निळा प्रकाश वाईट म्हणतात, मग माझ्या कावीळ झालेल्या बाळाला निळ्या दिव्याखाली का ठेवलं?
– एक आई

उत्तर : तिथे काम वेगळं आहे. साधारण ४६० नॅनोमीटरचा प्रकाश कातडीतल्या बिलिरुबिनचा, म्हणजे काविळीत साठणाऱ्या पिवळ्या द्रव्याचा, आकार बदलतो, मग ते पित्तातून आणि लघवीतून बाहेर पडतं. इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात १९५०च्या दशकात वॉर्ड आडनावाच्या एक सिस्टर बाळांना अंगणात उन्हात नेत. उन्हात उघडी राहिलेली कातडी फिकट होते आणि झाकलेली पिवळीच राहते, हे त्यांच्या लक्षात आलं. तिथून १९५८ साली दिव्याचा उपचार छापून आला. दिव्याखाली बाळाचे डोळे झाकतात ते त्याच्या पडद्याला जपण्यासाठी. पण उन्हाने कातडी फिकट होते म्हणून काविळीवर घरीच ऊन देत बसू नका. बाळ भाजतं किंवा गारठतं, आणि बिलिरुबिन किती हे रंगावरून कळत नाही. पिवळेपणा पोटाच्या खाली उतरला किंवा बाळ अंगावर नीट पीत नसेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.