तेवढंच आकाश, मग दोन तासांचा फरक कसा?

प्रश्न : मुलीकडे जायचंय. मुंबई ते न्यूयॉर्क जाताना सुमारे १६ तास, येताना १४. पृथ्वी फिरते म्हणून का? शिवाय तिकिटावर रात्री दीडला निघून सकाळी सातला पोहोच लिहिलंय! – एक आजी, सातारा

उत्तर : आजी, पृथ्वीबरोबर हवाही फिरते, तेव्हा कारण ते नाही. कारण आहे वारा. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे झोतवारे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग कधीकधी ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातो. जाताना हा वारा बराच वेळ समोरून येतो, परतताना पाठीशी लागतो.

सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. भूगोल शिकवताना मी वर्गात पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणायला लावायचो. दोरा अरबी समुद्रावरून पश्चिमेला जाईल असं मुलांना वाटे, पण तो थेट रशिया, फिनलंडवरून वर चढायचा! तुम्हीही नातवाच्या गोलावर करून बघाच. प्रत्यक्षातलं विमान वारा आणि बंद हवाईहद्दी टाळत जातं, म्हणून थोडं जास्त उडतं.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. न्यूयॉर्क आपल्यामागे हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. दीड ते सात म्हणजे साडेपाच तास. त्यात हिवाळ्यातले साडेदहा मिळवा: १६ तास. गोळ्यांच्या वेळा मात्र डॉक्टरांना विचारून आधीच कागदावर लिहून घ्या आणि औषधं हातातल्या पिशवीतच ठेवा.