बारावीनंतर स्पीच थेरपिस्ट होता येईल का? मराठी माध्यमाची अडचण येते का?

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याने या क्षेत्रात यावे का, असे आपण विचारले आहे. मी स्वतः हाच व्यवसाय करतो. माझ्या मते अवश्य यावे, आणि मराठीची जाण हे आपले भांडवल समजावे.

त्यासाठीची ‘बीएएसएलपी’ (बॅचलर इन ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी) ही पदवी चार वर्षांची असून त्यातले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे असते. वाचा-भाषाविकार आणि श्रवणशास्त्र (ऐकण्याच्या दोषांचे शास्त्र) हे दोन्ही विषय आपल्याकडे या एकाच पदवीत शिकवले जातात. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था व नायर रुग्णालय, पुण्यात भारती विद्यापीठ आणि राज्याबाहेर म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था ही त्यासाठीची परिचित ठिकाणे आहेत. कोठेही प्रवेश घ्या, परंतु त्या अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे ना, हे आधी पाहा. परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. काही आठवड्यांच्या प्रमाणपत्रांच्या जाहिरातींना भुलू नये.

या कामात बोबड्या मुलांचे उच्चार सुधारण्यापलीकडे बरेच काही येते. पक्षाघातानंतर समजते पण शब्द सुचत नाहीत असे रुग्ण, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेले श्रवणयंत्र) झालेली बालके, मायक्रोफोनशिवाय वर्षानुवर्षे शिकवून आवाज बसलेले शिक्षक आणि तंबाखूमुळे झालेल्या तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर गिळता न येणारे रुग्णही आपल्याकडे येतात.

मराठीचा उपयोग होतो तो तपासणीच्या वेळी. इंग्रजी चाचण्यांत ‘ळ’ नसतो आणि ‘क’ व ‘ख’ यांतला भेदही तपासला जात नाही, त्यामुळे त्या मराठी मुलाला जशाच्या तशा लावून चालत नाही. वय वाढूनही मूल ‘काका’ऐवजी ‘ताता’ म्हणत असेल, तर उपचारांचा विचार करावा लागतो. पण घरातले सगळेच ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणत असतील, तर मुलाचे ‘पानी’ हा विकार नसून ती त्याची बोली आहे, आणि हे न ओळखणारा थेरपिस्ट पालकांना विनाकारण खर्चात पाडतो. अभ्यासक्रम मात्र इंग्रजीत असल्यामुळे पहिल्या वर्षी वाचनाला अधिक वेळ द्यावा लागेल.

सुरुवातीचे वेतन बेताचेच असते, हेही सांगितले पाहिजे. शिवाय आठवड्यातून दोन-तीनदा होणाऱ्या उपचाराचा परिणाम घरच्या सरावावर अवलंबून असल्याने निम्मे काम पालकांना आणि नातेवाइकांना शिकवण्याचेच असते. ज्यांना एकच गोष्ट न कंटाळता पुन्हा समजावता येत नाही, त्यांनी अर्ज भरण्यापूर्वी एखाद्या केंद्रात परवानगी घेऊन काही दिवस हे काम जवळून पाहावे.