शाळा छोटी की मोठी? आधी वर्ग बघा

प्रश्न : माझी मुलगी यंदा पहिलीत जाईल. एक शाळा छोटी आहे, इयत्तेला एकच तुकडी, पहिलीत 14 मुलं. दुसरी मोठी, पाच तुकड्या, प्रत्येकीत 40 च्या आसपास मुलं. पण तिथे मैदान, ग्रंथालय, संगीताचे वेगळे शिक्षक असं सगळं आहे. मुलगी लाजाळू आहे, चार अनोळखी माणसं दिसली की गप्प होते. मला छोटी शाळा बरी वाटते. नवरा म्हणतो, तिथे ती आणखी बुजरी होईल, मोठ्या शाळेत आपोआप धीट बनेल. घरात रोज हाच विषय. काय करू?
– द्विधेतली आई

उत्तर : पहिलीतल्या मुलाचा जवळजवळ सगळा दिवस एका वर्गात आणि एकाच बाईंबरोबर जातो. शाळेत एकूण किती मुलं आहेत, हे तिला जाणवेल ते मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना. म्हणून शाळेच्या आकाराआधी वर्गाचा आकडा बघा.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात 1985 पासून चार वर्षं एक मोठा प्रयोग झाला. मुलांना चिठ्ठी पद्धतीने वर्ग वाटून दिले, काही वर्ग 13 ते 17 मुलांचे, तर काही 22 ते 25 मुलांचे. लहान वर्गातली मुलं वाचनात आणि गणितात पुढे राहिली. काही मोठ्या वर्गांना मदतनीसही दिले होते, पण त्याने फारसा फरक पडला नाही. तेव्हा ‘आमच्याकडे बाईंच्या हाताखाली मदतनीस आहेत’ एवढ्यावर भुलू नका.

तुमच्या यजमानांचं ‘आपोआप धीट’ मला पटत नाही. गप्प मूल कुणाला त्रास देत नाही, त्यामुळे 40 जणांत बाईंची नजर त्याच्याकडे सगळ्यात शेवटी जाते. आणि 14 मुलांत नाटुकलं बसवायचं म्हटलं की प्रत्येकाला काहीतरी बोलावंच लागतं.

पण त्यांच्या काळजीत तथ्यही आहे. छोट्या शाळेतली खरी अडचण असते मैत्रीची. 14 जणांत तिचं जमेल अशी दोन-तीन मुलं निघाली तर उत्तमच. नाही निघाली, किंवा भांडण होऊन दोघीतिघींनी हिला बाजूला काढलं, तर दुसरी तुकडी नाही. तीच मुलं, तेच बाक, वर्षानुवर्षं. ‘ही बोलतच नाही’ असा शिक्का एकदा बसला की तो पुसायला नवी माणसंच भेटत नाहीत. मोठ्या शाळेत निदान तुकडी बदलून मागता येते.

म्हणून मधल्या सुट्टीत जाऊन बघा, शक्यतो दोघंही. (वादात जिंकायला नव्हे, बघायला!) छोट्या शाळेत पहिलीची मुलं दुसरी-तिसरीच्या मुलांत मिसळून खेळत असतील, तर मैत्रीची अडचण निम्मी सुटली. एकटं पडलेलं मूल दिसलं तर मोठ्या माणसांपैकी कुणी त्याच्याकडे जातं का, तेही पाहा. दोन इयत्ता एकत्र बसवत असतील तर बाई एकीला शिकवतात तेव्हा दुसरी काय करते, हे विचारा. गेल्या दोन-तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले, हेही विचाराच, कारण छोट्या शाळेत एक चांगल्या बाई गेल्या तरी सगळी घडी विस्कटते. मोठ्या शाळेत एवढंच विचारा : मैदान आणि ग्रंथालय पहिलीच्या वाट्याला आठवड्यातून किती वेळा येतं?

माझं मत विचाराल तर मधली सुट्टी बघून समाधान झाल्यास छोटीच घ्या. प्राथमिक संपल्यावर मोठी शाळा आहेच, आणि तोवर तिला वाचता-लिहिता येत असेल, मनातलं सांगताही येत असेल.

आणि कुठल्याही शाळेत घाला, पहिल्या दिवशी बाईंना ‘ही जरा लाजाळू आहे हं’ असं तिच्यादेखत सांगू नका. सांगायचंच असेल तर ती काय काय करते, कशात रमते, ते सांगा.