वाचकांचे प्रश्न : ‘द टाइम ट्रॅव्हलर्स’ आणि त्याचा तो शेवट

गेल्या अंकात ‘द टाइम ट्रॅव्हलर्स’ या १९६४च्या अमेरिकन पिक्चरबद्दल जेमतेम दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. ज्यांनी बघितला नाहीये त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. एका लॅबमधे काही शास्त्रज्ञ भविष्यकाळ दाखवणारा स्क्रीन बनवत असतात, प्रयोग हाताबाहेर जातो आणि स्क्रीनचं चक्क दार होतं. तिथला इलेक्ट्रिशियन डॅनी त्यातून सरळ पलीकडे चालत जातो, त्याला आणायला बाकीचे तिघं जातात आणि मागे दार बंद. पलीकडे साल २०७१, म्हणजे १०७ वर्षं पुढे. अणुयुद्धाने जमीन ओसाड झालीये, वर म्यूटंट, म्हणजे किरणोत्सर्गाने शरीर बिघडलेल्या लोकांच्या टोळ्या फिरतायत आणि उरलेली माणसं जमिनीखाली राहून अल्फा सेंटॉरी या ताऱ्याकडे जायचं यान बांधतायत. खाली शेवटही सांगितलाय, तेव्हा आधी बघायचा असेल तर बघून या.

ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून बघितला पण माझा हिरमोड झाला. म्यूटंट म्हणजे अंगाला चिंध्या गुंडाळलेली माणसं, अँड्रॉइड, म्हणजे त्यातले माणसासारखे यंत्रमानव, तर नुसती मुखवटे घातलेली माणसं. स्वस्तातलं काम लगेच कळतं. यात एवढं काय आहे?

स्वस्तातलं आहे हे खरंच, मुखवटे मलाही मुखवटेच दिसले. पण अँड्रॉइडच्या कारखान्यातला सीन परत लावा. तिथे एका अँड्रॉइडचं डोकं धडावरून काढतात, आपल्या डोळ्यादेखत, आणि मधे कट नाहीये! मी तो तुकडा चार-पाच वेळा मागे घेऊन बघितला, शॉट तुटतो का ते शोधत होते, नाही तुटत. त्या काळात असला चमत्कार दाखवायचा तर साधारणपणे दोन फिल्म वेगवेगळ्या शूट करून ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे फिल्मवरून फिल्म छापायच्या यंत्रावर, एकावर एक चढवायचे, त्याला वेळ लागायचा आणि पैसेही. ते नव्हते म्हणून दिग्दर्शक इब मेल्किऑरने स्टेजवरच्या जादूगारांच्या युक्त्या घेतल्या आणि त्या कॅमेऱ्यासमोर थेट करून दाखवल्या. म्हणून तो सीन आज साठ वर्षांनीही जुना वाटत नाही, कारण जे दिसतंय ते तिथे खरंच घडत होतं. माझी तक्रार वेगळी आहे, मधला भाग लांबलाय, भुयारी शहरात पाहुण्यांना फिरवून सगळं दाखवत बसतात तेव्हा गोष्ट थांबते. ते कबूल.

रंगसंगती एवढ्या कमी पैशांच्या मानाने फार चांगली वाटली. कॅमेरा कोणाचा?

विल्मोश झिगमॉन्ड. टायटलमधे ‘विल्यम झिगमॉन्ड’ असं नाव येतं म्हणून पटकन लक्षात येत नाही. मूळचा हंगेरीचा, तिथल्या १९५६च्या सोव्हिएतविरोधी उठावाचं चित्रण करून मित्र लास्लो कोव्हाक्सबरोबर देश सोडून आलेला, अमेरिकेत सुरवातीची वर्षं असलेच छोटे पिक्चर करत काढली. पुढे १९७७च्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’साठी त्याला ऑस्कर मिळालं. म्हणजे छोट्या पिक्चरमधे हात बसलेला माणूस आहे हा.

हवेत रंगीत प्रकाश हलतो आणि त्याला संगीत असतं, तो भाग मला सगळ्यात आवडला. घरात कोणालाच नाही आवडला. तो इफेक्ट आहे की खरं वाद्य?

खरं यंत्र आहे आणि तुम्ही विचारलंत म्हणून मला फार बरं वाटलं, कारण त्याबद्दल कोणी बोलतच नाही. त्याचं नाव ल्युमिग्राफ, बनवलं ऑस्कर फिशिंगर या जर्मन अ‍ॅनिमेटरने, पेटंट १९५५चं. रचना अगदी साधी आहे हो. एका चौकटीत ताणलेला रबरी पडदा आणि त्याच्या अगदी पुढ्यातून जाणारा रंगीत प्रकाशाचा अरुंद पट्टा. खोलीत अंधार. वाजवणारा मागून पडद्यावर हात दाबतो, दाबलेला भाग पुढे येऊन प्रकाशात शिरतो आणि तेवढाच उजळतो, बाकी सगळं काळं. बोट हलकं टेकवलं तर ठिपका, अख्खा तळहात फिरवला तर लाट. यंत्रातून आवाज येत नाही, संगीत वेगळं असतं, हात त्याच्यामागे चालतात. फिशिंगर आयुष्यभर रंग आणि सुरांवर काम करत राहिला आणि त्याचं हे यंत्र एका छोट्या बजेटच्या पिक्चरमधे असं जपून राहिलं. घरच्यांना एवढं सांगा आणि परत दाखवा.

मला पिक्चर आवडला पण म्यूटंट लोकांचं खटकलं. दिसायला वेगळे म्हणून सरळ दुष्ट? आज असं कोणी दाखवेल का?

तुमचं बरोबर आहे आणि मी याचा बचाव करणार नाही. काळ समजून घ्यायचा तर घेता येतो, क्यूबाचा क्षेपणास्त्र पेचप्रसंग ऑक्टोबर १९६२चा, म्हणजे अणुयुद्ध होता होता राहिलं त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती, किरणोत्सर्गाने माणसाचं काय होईल ही भीती तेव्हा अगदी ताजी होती. पण भीती खरी असली म्हणून बिघडलेल्या शरीराला राक्षस ठरवायचं हे चूकच. पिक्चरला हे थोडंसं कळलंय असं मला वाटतं, कारण म्यूटंट नाही पण धडधाकटही नाही अशा एकाला शहरवाले मारायला निघतात तेव्हा आपल्या चौघांतली कॅरल मधे पडते. तो धागा पुढे न्यायला हवा होता. तेवढ्यावरच सोडून दिला याचं मला वाईट वाटतं.

शेवट कळलाच नाही. परत पहिल्यापासून सुरू झाला, मला वाटलं फाइल खराब आहे. आमच्या ग्रुपमधे एकाचं म्हणणं की पैसे संपले म्हणून जुनेच सीन जोडले. खरं काय? आणि यात विज्ञान कितपत आहे?

फाइल चांगली आहे, तो शेवट तसाच आहे, आणि माझ्यासाठी अख्खा पिक्चर त्या शेवटासाठीच आहे.

नीट बघा काय होतं. यानात या चौघांना जागा नसते म्हणून ते परत जायचं दार बांधतात, तेवढ्यात म्यूटंटांचा हल्ला होतो, यान नष्ट होतं, आणि उरलेल्या काही जणांना घेऊन ते आपल्या लॅबमधे पोचतात. तर तिथे ते स्वतःच उभे आहेत, पुतळ्यासारखे! एक दिवस आधीचे ते. मग लक्षात येतं की पुतळे हलतायत पण अतिशय हळू, कारण हे परत आलेले लोक प्रचंड वेगाने जगतायत. म्हणजे इथे राहिलो तर बाकीच्या जगाचा थोडासा वेळ जाईपर्यंत आपण म्हातारे होऊन मरणार. घरी पोचले पण घरात राहता येत नाही. या सीनला खर्च काय आला असेल, नटांना स्तब्ध उभं करायचं बास, आणि तरी अंगावर काटा येतो. मग ते दुसऱ्या दारातून आणखी फार पुढच्या काळात निघून जातात, पण लॅबमधले ‘आधीचे’ ते अजून तिथेच आहेत ना, ते आपला प्रयोग करणार, दारातून जाणार, परत येणार. म्हणून पिक्चर परत सुरू होतो, आधी मोठे तुकडे, मग लहान, मग अजून लहान, नुसती झरझर चित्रं. जुनं फुटेज वापरल्याने पैसे वाचले हे उघड आहे, पण पैसे वाचवायचे असते तर शेवटच्या दारापाशी ‘समाप्त’ लिहून मोकळे झाले असते, एवढी घट्ट गाठ कोण मारत बसतं?

विज्ञानाचं म्हणाल तर काळ सगळीकडे एकाच वेगाने जात नाही हे खरं आहे. १९७१ साली हाफेले आणि कीटिंग या शास्त्रज्ञांनी अतिशय अचूक अशी अणुघड्याळं प्रवासी विमानांतून जगाभोवती फिरवली आणि ती जमिनीवरच्या घड्याळांशी जुळली नाहीत. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं रोज साधारण ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, ते दुरुस्त करावं लागतं. पण हे फरक एवढे बारीक असतात, पिक्चरमधल्यासारखं बाजूचा माणूस पुतळा दिसेल इतका फरक एकाच खोलीत पडत नाही, ती कल्पनाच आहे. अल्फा सेंटॉरीचंही तेच, ती सव्वाचार प्रकाशवर्षांहून लांब, नासाचं व्हॉयेजर १ हे यान त्याच्या आत्ताच्या वेगाने तेवढं अंतर कापेल तर ७० हजारांहून जास्त वर्षं लागतील.

आणि पैसे संपले म्हणणाऱ्या मित्रांना एक करायला सांगा, पिक्चर अगदी सुरवातीपासून लावायला. पहिला प्रयोग चालू असताना खोलीतून काही सावल्या सरकन जातात, कोणाला कळत नाही कसल्या, आणि आपणही विसरून जातो. त्या सावल्या कोणाच्या होत्या ते आता त्यांना कळेल.