अतिप्रसंग, विनयभंग की लैंगिक अत्याचार?

फोंड्याच्या एका ताईंनी विचारलंय की पंचायतीच्या फलकावर मुलांच्या संरक्षणाची सूचना लावायचीय, कच्च्या मजकुरात 'विनयभंग, अतिप्रसंग' असं आलंय ते चालेल का, आणि मुलगा असला तर 'पीडिता' कसं लिहायचं.

ताई, दोन्ही शब्द काढाच. 'अतिप्रसंग' वाचून नक्की काय झालं तेच कळत नाही, आणि दहा-बारा वर्षांच्या पोराला तर अजिबातच नाही. विनयभंग आला जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३५४ कलमातून, तिथं बाईच्या 'विनया'ला धक्का बसला का हे बघायचे, आणि त्यापायी काय झालं तर साडेसात महिन्यांच्या एका तान्ह्या मुलीला इजा केली होती त्या खटल्यात एवढ्याशा बाळाला विनय असतो का यावर वाद होत होत प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं! १९६६ साली कोर्टाने असतो म्हणून सांगितलं, तेही एकमताने नाही. म्हणजे इजा बाळाच्या शरीराला आणि चर्चा विनयाची. मला हे वाचून अजून राग येतो.

'अब्रू लुटली' पण तसंच. आंतरराष्ट्रीय कायदासुद्धा आधी हीच भाषा बोलायचा, १९४९च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या (युद्धात सामान्य नागरिकांना जपणारा) २७व्या कलमात बलात्कार म्हणजे स्त्रीच्या इज्जतीवरचा हल्ला असंच धरलंय. पुढे १९९८ला रवांडातल्या वंशसंहाराचे खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने अकायेसू खटल्यात व्याख्या केली ती जबरदस्तीच्या परिस्थितीत शरीरावर केलेलं लैंगिक आक्रमण अशी, इज्जत तिथं कुठंच नाही. आणि बालहक्क करार (१९८९चा, भारत १९९२ला त्यात आला) त्याचं ३९वं कलम सांगतं की अत्याचार सोसलेल्या मुलाला सावरायला मदत करायची ती त्याचा स्वाभिमान आणि प्रतिष्ठा जपली जाईल अशा वातावरणात. आपणच फलकावर अब्रू गेली लिहिलं तर कसली प्रतिष्ठा जपणार?

आता 'पीडिता'. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा २०१२चा कायदा, त्यामध्ये १८ वर्षांखालचं कुणीही 'बालक', मुलगा मुलगी भेद नाही. गोव्यात तर हे विसरूच नये, मडगावला अनाथाश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सच्या प्रकरणात सोसलेले बरेचसे मुलगे होते, आणि तेव्हा मुलग्यांसाठी बलात्काराचं कलमच लागत नव्हतं, 'अनैसर्गिक संभोगा'चं ३७७ कलम लावायचे. म्हणून 'पीडित मूल' लिहा. 'बळी' नको, मूल जिवंत आहे. 'कथित पीडित' पण नको, आरोपी सापडला नाही किंवा शिक्षा झाली नाही तरी पीडित तो पीडितच असं संयुक्त राष्ट्रांच्या १९८५च्या जाहीरनाम्यात आहे. 'सर्व्हायव्हर' (अत्याचारातून तरलेली व्यक्ती) हा शब्द मोठं झाल्यावर ज्याने त्याने स्वतःसाठी घ्यावा, आपण चिकटवू नये.

मी असं लिहीन: "१८ वर्षांखालच्या कुठल्याही मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा. मुलाचं नाव, शाळा, वाडा, फोटो कुणालाही पाठवू नका." शेवटचं वाक्य जाड अक्षरात घ्या, व्हॉट्सॲपवर आधी तेच फिरतं. आणि खाली कोकणीतूनही लावा, वाड्यावरची बरीच पोरं तेच आधी वाचतील.