लेफ्टनंटपासून जनरलपर्यंत, लष्करातला प्रत्येक पदावरचा अधिकारी नक्की काय काम करतो?

प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ जोडली आहे: ‘मुलगा एनडीएची तयारी करतोय, पण घरातले म्हणतात की अधिकारी नुसत्या सह्या करतात, राबतात ते जवान. खरं आहे का?’ ती ओळ नसती तर मी उत्तर लिहिलंच नसतं. आमच्या चुलत दादाच्या तोंडून हे वाक्य मी दर गणेशचवथीला ऐकतो. आरती झालेली असते, पानात खतखतं पडतंय, आणि दादा सुरू करतो: “तुझे साहेब काय, सही मारायची आणि सलाम घ्यायचा.” दादा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून, म्हणजे जवानांच्या वर आणि अधिकाऱ्यांच्या खाली. तुमच्या यादीत लेफ्टनंट ते जनरल सगळे आहेत, सुभेदार नाही. सवय आहे आम्हाला.

कागदावरचं तुम्हाला कुठेही मिळेल. प्लाटून साधारण तीस-पस्तीस जणांची, कंपनी सव्वाशेच्या आसपास आणि ती मेजरकडे, बटालियन आठशेच्या घरात आणि ती कर्नलकडे. प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो.

बटालियन पीस स्टेशनला होती. कंपनी एक्सरसाइजहून संध्याकाळी परतली, हत्यारं साफ झाली आणि कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या कोठारात, जमा व्हायला लागली. कोतमधली मोजणी रोजची, आणि त्या दिवशी रजिस्टरवर सही करायची होती आमच्या नव्या लेफ्टनंटसाहेबांना. हरियाणाचा पोरगा, डेहराडूनच्या लष्करी अकादमीतून पास होऊन थोडेच महिने झालेले. मराठा बटालियनमध्ये अधिकाऱ्याला मराठी शिकावीच लागते, ती अजून मोडकीतोडकी. मोजणीत एक संगीन कमी भरली. कोतचा हवालदार जुना माणूस. म्हणाला, “साब, साइन कर दीजिए, गाडी में पड़ी होगी, सुबह मिल जाएगी।” त्याच्या मनात खोट नव्हती. बहुतेक वेळा सकाळी मिळतेच.

साहेब म्हणाले, “जे आत नाय, त्याच्यावर मी सही नाय करणार.”

झालं. सगळी कंपनी पुन्हा फॉल-इन. पाठीवरचे पिठ्ठू उलटे केले, बिस्तरे सोडले, साहेब स्वतः टॉर्च घेऊन गाडीत चढले. पोरं दोन दिवसांची दमलेली, पोटात काही नाही, आणि जो तो मनातल्या मनात या नव्या साहेबाचा उद्धार करतोय. आता सुभेदाराचं काम बघा, कारण ते कुठल्याच यादीत नसतं. मी साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं, साहेब, सही करू नका, तुमचं बरोबर आहे, पण लंगर थांबवू नका, एकेक सेक्शन जेवायला सोडू. त्यांनी ऐकलं. तिकडे जाऊन मी पोरांना दम भरला की साहेबांविरुद्ध एक शब्द ऐकू आला तर गाठ माझ्याशी आहे. नवा लेफ्टनंट हुद्द्याने माझा वरिष्ठ, मी त्याला सॅल्यूट करतो, आणि त्याला घडवायचंही मीच. हे एकाच वेळी कसं जमतं ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. दादाला तर नाहीच नाही.

मेजरसाहेब क्वार्टरवरून आले. आवाज चढवला नाही. शेवटची गाडी कोणती, सामान कोणी भरलं, संगीन शेवटची कोणी पाहिली, एवढंच विचारलं. मग बटालियनच्या अ‍ॅडज्युटंटला फोन लावला. सकाळपर्यंत गप्प राहता आलं असतं. मेजरचा वार्षिक अहवाल सीओच, म्हणजे बटालियनचा प्रमुख कर्नलच, लिहितो, आपल्या कंपनीची हत्यारं कमी भरली हे त्याच्या कानावर घालायची हौस कोणाला असते? पण वाईट बातमी लगेच वर पाठवणं हे कंपनी कमांडरचं काम आहे, आणि माझ्या मते त्याच्या सगळ्या कामांत अवघड तेच. बढतीच्या तोंडावर असताना ते करणारे मी थोडेच पाहिले.

अ‍ॅडज्युटंट, म्हणजे कॅप्टन किंवा नवा मेजर, सीओचा उजवा हात. ड्युट्या, शिस्त, पत्रव्यवहार सगळं त्याच्याकडून जातं. त्याने कर्नलसाहेबांना कळवलं आणि निरोप आला: उजाडेपर्यंत शोधा, नाही मिळाली तर ब्रिगेडला, म्हणजे बटालियनच्या वरच्या मुख्यालयाला, कळवून कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे चौकशी, बसवू. साहेब स्वतः आले नाहीत. हे ऐकलं की दादा टाळी देतो: “झोपला ना तुझा कर्नल!” अरे, सीओ येऊन कोतच्या दारात उभा राहिला असता तर मेजर आणि लेफ्टनंट दोघे बाहुले झाले असते. पुढच्या वेळी कोणीच निर्णय घेतला नसता, सगळे सीओची वाट बघत बसले असते.

संगीन उजाडायच्या आधी मिळाली, कॅमफ्लाजच्या गुंडाळलेल्या जाळीत अडकलेली. मग लेफ्टनंटसाहेबांनी सही केली. ज्याची संगीन होती त्या जवानाला मेजरसाहेबांनी कंपनीतच समज दिली, प्रकरण सीओपुढे गेलं नाही. गेलं असतं तर? आर्मी अ‍ॅक्टच्या कलम ८० खाली सीओ जवानाला २८ दिवसांपर्यंत कोठडी देऊ शकतो. समरी कोर्ट मार्शल, म्हणजे झटपट लष्करी खटला, भरवलं, तर लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरच्या हुद्द्याचा सीओ एक वर्षापर्यंत कैद. तीही एका सहीने. दादाच्या कचेरीत सही म्हणजे फाइल पुढच्या टेबलावर ढकलणं. इथे सही म्हणजे उद्या काही झालं तर माझी मान.

ब्रिगेडियरपासून वरचं मी लांबूनच पाहिलं, पण गोव्याच्या माणसाला त्यासाठी लांब जायला नको. डिसेंबर १९६१ची गोवा मुक्तीची मोहीम आठवा. सदर्न कमांडचे लेफ्टनंट जनरल चौधरी यांच्याकडे सगळी मोहीम. १७ इन्फंट्री डिव्हिजन, म्हणजे काही ब्रिगेडचा गट, मेजर जनरल कँडेथ यांच्याकडे, मुख्य चढाई त्यांचीच. उत्तरेकडून ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० पॅरा ब्रिगेड, तिचं काम दुय्यम ठरलेलं. पण वाट मोकळी दिसताच सगत सिंगांनी वेग वाढवला, १८ तारखेच्या संध्याकाळी त्यांची माणसं थिवीमार्गे बेतीला मांडवीच्या काठावर, आणि १९ला सकाळी पणजीत. योजना वरून येते, ती कुठे वाकवायची हे ब्रिगेडियरने ठरवायचं. त्याच मोहिमेत आग्वादच्या किल्ल्यावर मेजर सिद्धू आणि कॅप्टन सहगल पडले. सह्या करणारे मेजर आणि कॅप्टन, दादा! आणि लढाई संपल्यावर कँडेथ लष्करी राज्यपाल म्हणून जून १९६२पर्यंत इथला कारभार बघत होते. मेजर जनरलच्या कामात हेसुद्धा येऊ शकतं.

लेफ्टनंट जनरलकडे कोअर, म्हणजे काही डिव्हिजनचा गट, किंवा अख्खी कमांड, आणि जनरल म्हणजे लष्करप्रमुख. त्यांचं काम सैन्य चालवण्याइतकंच दिल्लीशी बोलण्याचं. त्यावर माझं मत कोणी विचारू नये.

बढतीचं थोडक्यात: कॅप्टन दोन वर्षांनी, मेजर सहा, लेफ्टनंट कर्नल तेरा, हे सेवेच्या वर्षांवर, मात्र मधल्या परीक्षा पास व्हाव्या लागतात. कर्नलपासून निवड, आणि तिथे चांगली चांगली माणसं मागे राहतात. लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालेल्याला लग्नकार्यात ‘ब्रिगेडियर का नाही झालात’ असं विचारू नका.

आणि हो, हे सगळं पायदळाचं. सिग्नल्स, इंजिनिअर्स, सप्लाय यांची गणितं वेगळी, बांबोळीच्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरमधल्या मेजरचा दिवस आमच्या मेजरसारखा नसतो. प्रत्येक अधिकारी कमांडवरही नसतो, बरंच आयुष्य स्टाफच्या, म्हणजे मुख्यालयातल्या, खुर्चीत जातं, आणि तिथे दादा म्हणतो तशा सह्या भरपूर, हे मान्य. मात्र हे त्याला सांगू नका.

मुलाला पदांची यादी पाठ करू दे, मुलाखतीला लागेल. त्याहून एक महत्त्वाचं: मराठा रेजिमेंट मिळाली तर भाषेचा प्रश्न नाही, पण मद्रास किंवा डोग्रा मिळाली तर पहिल्या महिन्यातच जवानांची भाषा शिकायला बसायचं, आणि शिकवायला सुभेदारालाच सांगायचं.