सबब खरी की खोटी? सायकल शर्यतीनंतरची प्रश्नोत्तरं

शर्यतीत मागे पडलेल्या हौशी सायकलपटूंची पत्रं या वेळी बरीच आहेत. बहुतेकांनी कारणही स्वतःच दिलंय. ते ग्राह्य धरायचं का, एवढंच विचारलंय.

प्रश्न : जाताना वारा समोरून होता, येताना पाठीमागून. मित्र म्हणतात, फिट्टंफाट झाली, सबब सांगू नकोस. पण माझा वेळ खरंच वाया गेला. कोण बरोबर?

तुम्ही बरोबर. ४० किलोमीटरचा रस्ता घ्या. वारा नसताना ताशी ३० ने ८० मिनिटं लागतात. आता निम्मा रस्ता २५ ने आणि निम्मा ३५ ने कापा. पहिल्या टप्प्याला ४८ मिनिटं, दुसऱ्याला साधारण ३४. एकूण ८२. मंद वेगात तुम्ही जास्त वेळ घालवता, म्हणून समोरच्या वाऱ्याचं नुकसान पाठीमागचा वारा पूर्ण भरून देत नाही.

पण हाच वारा बाकीच्यांनाही होता. त्यामुळे तुम्ही कोणाच्या आडोशाला होता, हे आधी आठवून बघा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो तोडायला लागणारी ताकद घनाने. पुढच्याच्या मागे नीट राहिलं तर पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचू शकते. सराव नसेल तर दोन चाकांत अर्धा ते एक मीटर अंतर ठेवा. नजर पुढच्याच्या चाकावर खिळवू नका, त्याच्या खांद्यांपलीकडचा रस्ता दिसला पाहिजे. वारा डावीकडून असेल तर आडोसा पुढच्याच्या उजव्या बाजूला, किंचित मागे मिळतो. तिथे तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला समांतर जाऊ देऊ नका. तो जरा सरकला तरी पडता तुम्ही.

प्रश्न : ब्रेक घासत होता, पूर्ण शर्यतभर आवाज येत होता. याने वेग किती कमी होतो?

चाक उचलून हाताने फिरवा. बराच वेळ फिरत राहिलं आणि नुसता 'चिर्र' आवाज आला, तर त्याने मिनिटं जात नाहीत. आवाजाने मन मात्र खचतं. दोन-तीन फेऱ्यांत चाक थांबलं तर दोष खरा आहे.

डिस्क ब्रेक असेल तर आधी चाक नीट बसलंय का पाहा. सायकल जमिनीवर उभी करून अ‍ॅक्सल सैल करा, चाक पूर्ण आत बसू द्या, पुन्हा घट्ट करा. चाक काढून गाडीतून नेलं असेल तर बहुतेक वेळा चूक इथेच सापडते. तरीही घासलं तर कॅलिपरचे (डिस्कला चिमटीत पकडणाऱ्या भागाचे) दोन्ही बोल्ट अर्धा-एक आटा सैल करा, ब्रेकचा दांडा दाबून धरा आणि बोल्ट आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. एकाच जागी घासत असेल तर डिस्क वाकलेली आहे, कॅलिपर हलवून उपयोग नाही. डिस्कला तेलकट हात लावू नका.

प्रश्न : शेवटच्या तासात पायच संपले. आदल्या रात्री झोप लागली नव्हती, हेच कारण ना?

एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने इतकं होण्याची शक्यता कमी. आदल्या आठवड्याची झोप जास्त मोलाची. इथे कशाने काय होतं ते वेगळं ओळखावं लागेल. डोकं रिकामं वाटलं, हात थरथरले, अचानक सगळ्याचा कंटाळा आला, तर साखर संपली. मांड्या जळत होत्या पण डोकं शाबूत होतं, तर सुरुवात फार वेगात झाली. पोटरीला किंवा मांडीला गोळा आला, तर बहुधा सरावापेक्षा जास्त जोर लावलात.

स्नायू आणि यकृतातला साखरेचा साठा जोरकस सायकलिंगमध्ये दीड ते दोन तासांत आटत येतो. दोन तासांहून मोठी शर्यत असेल तर पहिल्या २०-३० मिनिटांतच खायला सुरुवात करा, तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, म्हणजे केळ्यांवरच राहिलात तर तासाला दोनाहून थोडी जास्त. भूक लागायची वाट पाहू नका. साखर संपल्यावर खाल्लेलं अंगी लागायला १५-२० मिनिटं जातात आणि तेवढ्यात गट निघून जातो. शर्यतीत जे खाणार ते सरावात किमान तीन-चार वेळा खाऊन पाहा, नाहीतर पोट बिघडतं. पहिली १५ मिनिटं अशी चालवा की दोन-चार शब्द बोलता येतील. बहुतेक हौशी सायकलपटू शर्यत याच १५ मिनिटांत घालवतात, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : माझी सायकल इतरांपेक्षा एक किलो जड आहे.

सपाटीवर हा फरक जवळजवळ नाहीच. तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो असाल, तर २० मिनिटांच्या उभ्या चढावर एक किलोने साधारण १५ सेकंद जातात.

त्याऐवजी हवा तपासा. २८ मिलिमीटरचा ट्यूबवाला टायर आणि ७० किलोचा स्वार असेल तर ६५ ते ७५ पीएसआयपासून (पंपाच्या काट्यावरचं हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करा, मागे पुढच्यापेक्षा तीन-पाच जास्त. दगडासारखा कडक टायर खडबडीत रस्त्यावर उसळतो आणि तुमची ताकद पुढे जाण्याऐवजी हादऱ्यांत जाते. रात्रीत ट्यूबमधली थोडी हवा उतरते, म्हणून शर्यतीच्या सकाळी मोजा, आणि नेहमी त्याच पंपाच्या काट्यावर. दोन पंपांचे काटे क्वचितच जुळतात.